इसार देण्यापूर्वी : जुनी गाडी कशी पारखावी?

जुनी मोटार विकत घेण्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे साठली होती, म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत. अनेकांनी गाडी पाहून, व्यवहार ठरवून आणि इसाराची रक्कम देऊन झाल्यावर प्रश्न विचारला आहे, आणि याचे मला वाईट वाटते. कारण एकदा पैसे गुंतले की दोष समोर दिसत असूनही माणूस स्वतःची समजूत घालू लागतो. मी अनेक वर्षे अपघातात आणि पुरात सापडलेल्या वाहनांच्या नुकसानपाहणीचे काम केले. ज्या गाड्यांचा चुराडा मी कागदावर नोंदवला होता, त्यांतल्या काही पुढे नव्या रंगात विक्रीला उभ्या असलेल्याही पाहिल्या. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे त्यामुळे लांबली आहेत.

प्रश्न : मी साताऱ्यात शिक्षिका आहे. शाळेसाठी रोज २२ किलोमीटर जाणे-येणे असते. ओळखीच्या एजंटाने २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक दाखवली आहे. पहिलीच मालकी, मीटरवर ३८,००० किलोमीटर आणि किंमत ३ लाख २५ हजार रुपये. मला गाडीतले फारसे कळत नाही, पण इंजिनाचा आवाज चांगला वाटला. ‘दहा हजार देऊन गाडी अडवून ठेवा, दुसरे गिऱ्हाईक येते आहे,’ असे एजंट म्हणतात. नेमके काय तपासावे?

उत्तर : दहा हजार रुपये आज देऊ नका. पैसे देईपर्यंत आपण ‘नको’ म्हणायला मोकळ्या आहात, आणि या व्यवहारात आपल्या बाजूला तेवढेच एक बळ आहे. एजंटांना सांगा की गाडी सकाळच्या उजेडात पाहायची आहे, ती नुकतीच धुतलेली नसावी आणि आपण पोहोचण्याआधी सुरू केलेली नसावी. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक कळत नाही, ट्यूबलाइटखाली पत्र्याच्या लाटा दिसत नाहीत आणि तापलेले इंजिन आपली बरीच दुखणी झाकून ठेवते. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. ते कोमट लागले, तर त्या दिवशी बाकीचे सगळे पाहा, पण इंजिनासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आपण इंजिनाच्या आवाजापासून सुरुवात केली आहे, आणि बहुतेक जण तसेच करतात. माझा आग्रह मात्र आधी सांगाडा पाहावा, मग मीटर आणि इंजिन त्यानंतर, असा आहे. क्लच प्लेट, वॉटर पंप, इतकेच काय हेड गॅस्केटसुद्धा बदलता येते. त्याचा खर्च कोणत्याही गॅरेजमधून विचारून आपण तो किमतीतून वजा करून मागू शकता. सांगाड्याचे तसे नाही. हॅचबॅकला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, खांब, छत आणि पुढचे ॲप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) हे सगळे हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडून एकच कवच तयार केलेले असते आणि चाकांचे सस्पेन्शन त्या कवचालाच बोल्टांनी धरलेले असते. मोठ्या धडकेत ते वाकले, तर ओढून सरळ करता येते. पण मग टायर एका कडेने झिजत राहतात, गाडी एका अंगाला ओढते, आणि पुढच्या अपघातात ते कवच आतल्या माणसांना वाचवण्यासाठी जसे चुरगळायला हवे तसे चुरगळेल याची खात्री उरत नाही.

गाडीच्या चारही कोपऱ्यांशी उकिडवे बसून बाजूच्या पत्र्यावर तिरपी नजर टाका. कारखान्यातून आलेल्या पत्र्यात समोरच्या भिंतीची रेघ सरळ धावताना दिसते. लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून घासलेल्या पत्र्यात ती मध्येच हेलकावते. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी डावीकडे व उजवीकडे सारख्या आहेत का, ते बोट फिरवून चाचपा. फ्रिजवर लावायचा लहान चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून न्यावा. स्टीलच्या पत्र्यावर जिथे त्याची पकड सुटते, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजावे. मेकॅनिककडे रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो, पुन्हा रंगवलेला भाग २०० च्या वर जातो आणि लांबी भरलेल्या जागी आकडा ५०० च्याही पुढे उडी घेतो. मात्र एखादे दार किंवा फेंडर रंगवलेले निघाले म्हणून गाडी नाकारू नका. आपल्या रस्त्यांवर इतक्या वर्षांत जिला रिक्षा किंवा दुचाकी घासली नाही अशी गाडी विरळा, आणि रंगवलेल्या बंपरला तर मी काहीच महत्त्व देत नाही.

महत्त्व आहे ते सहज न दिसणाऱ्या जागांना. दाराच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग हाताने हळूच ओढले की सुटते आणि दाबले की परत बसते. त्याखाली पत्र्याच्या कडेवर, शर्टाच्या बटणाएवढ्या गोल खळ्या ठरावीक अंतरावर दिसायला हव्यात. ते कारखान्याचे स्पॉट वेल्ड होत. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका स्नेह्यांसाठी मी एक पांढरी हॅचबॅक पाहायला गेलो होतो. बाहेरून तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. उजव्या बाजूच्या मधल्या खांबावरचे बीडिंग सोडवले, तेव्हा वरच्या भागात खळ्या अगदी शिस्तीत होत्या. पण कमरेच्या उंचीच्या खाली त्या एकाएकी संपल्या आणि तिथून हाताने ओढलेल्या, ग्राइंडरने घासून वर रंग दिलेल्या वेल्डिंगची जाड रेघ सुरू झाली. रेघेच्या कडेला गंजाचे तांबूस ठिपके फुटून वर आले होते. खांब कापून तिथे दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडलेला होता. ‘दाराला किरकोळ घासली होती,’ एवढेच विक्रेत्याने सांगितले होते. बीडिंग ओढायला आम्हाला एक मिनिटही लागले नव्हते.

हाच डोळा बॉनेटखाली लावा. हेडलाइटच्या मागून शॉकॲब्सॉर्बरच्या मनोऱ्यापर्यंत जाणारे दोन्ही ॲप्रन शेजारी-शेजारी पाहिल्यासारखे ताडून पाहा; एका बाजूला सीलंटची रेघ एकसारखी आणि दुसऱ्या बाजूला ती बोटाने सारवल्यासारखी असेल, तर ती बाजू उघडून दुरुस्त झालेली आहे. फेंडर आणि बॉनेट यांच्या बोल्टांवरचा रंग पाना लागल्याशिवाय तुटत नाही. डिकीतला गालिचा आणि स्टेपनी बाहेर काढून खालचा तळ पाहा; मागून बसलेल्या धक्क्याच्या सुरकुत्या तिथे राहून जातात. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तो लागलाच नाही, तर फुटलेल्या एअरबॅग न बदलता दिवाच बंद करून टाकल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

आता ३८,००० किलोमीटरविषयी. २०१६ च्या गाडीला हे म्हणजे वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर होतात. निवृत्त गृहस्थाची घर ते मंडई एवढीच फिरणारी गाडी असेल तर ते खरेही असू शकते, पण ते दाखवून द्यायची जबाबदारी विक्रेत्याची आहे. मालकांना बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि गाडीचा पूर्ण सर्व्हिस इतिहास मागा. प्रत्येक खेपेचे मीटर रीडिंग त्यात तारखेसह असते, आणि मीटर मागे फिरवलेले असेल तर एखाद्या वर्षी वाढायचा आकडा घटलेला सापडतो. नोंदी मध्येच थांबलेल्या असतील, तर गाडीच्या अंगावर पाहा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची वरची कड चकाकणारी आणि चालकाच्या आसनाची दाराकडची बाजू खचलेली, असे सगळे एकत्र दिसले तर गाडी ३८,००० पेक्षा बरीच अधिक चाललेली आहे. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात: २३१९ याचा अर्थ तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. एवढ्या कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर कारण विचारा. वयामुळे रबर तडकले म्हणून बदलले, हे उत्तर ग्राह्य आहे, पण ते विचारल्याशिवाय मिळणार नाही.

गाडीच्या विम्याचा कागदही बोलका असतो. सलग पाच वर्षे दावा केला नाही तर विमेदाराला मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पहिल्याच मालकाच्या, ‘कधीच न ठोकलेल्या’ गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीवर ही सवलत शून्य किंवा २० टक्के असेल, तर अलीकडे दावा झालेला असावा किंवा विम्यात ९० दिवसांहून मोठा खंड पडलेला असावा. दोन्हींपैकी काय घडले, ते मालकांनी सांगावे.

इंजिन सुरू करताना आपण गाडीच्या मागे उभ्या राहा आणि किल्ली बरोबरच्या माणसाला फिरवू द्या. गार इंजिनातून पहिल्या क्षणी निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरी वाफ थंडीच्या सकाळी स्वाभाविक असते, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत झिरपते आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, सायीसारखा थर आहे का ते पाहा. रेडिएटरचे झाकण मात्र गार इंजिनावरच उघडावे. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. आत हिरवे किंवा गुलाबी कूलंट असावे. गंजाचे तपकिरी पाणी दिसले, तर निगा कशी राखली ते तेवढ्यावरून कळते.

चालवून पाहायला साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे, याहून चांगली जागा मिळणार नाही. सपाट रस्त्यावर जुनी गाडी नव्यासारखी चालते. घाटात एसी चालू ठेवून, दोन-तीन माणसे बसवून चढा: तापमान मधल्या पातळीच्या वर जाता कामा नये, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढूनही वेग वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, ते पाहा. मग एखाद्या खडबडीत गल्लीतून रेडिओ बंद करून, काचा खाली करून हळू जा. खट-खट आवाज ज्या चाकाशी येतो, त्याचे बुश किंवा लिंक रॉड गेलेले असतात. हा खर्च फार मोठा नसतो, त्यामुळे तो गाडी सोडण्याचे कारण न धरता किमतीतून वजा करून घ्यावा.

शेवटी, गाडी एका मेकॅनिकला लिफ्टवर किंवा रॅम्पवर दाखवाच, आणि तो आपण निवडलेला असावा. एजंटाने सुचवलेला नको. त्याच्या एका तासाचे पैसे जातील, पण ३ लाख २५ हजारांच्या व्यवहारात ते जावेत असे मला मनापासून वाटते. विक्रेता मेकॅनिकला गाडी दाखवायला तयार नसेल, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही.

प्रश्न : मी सांगलीत राहतो. २०१८ सालची एक सेडान बाजारभावापेक्षा जवळजवळ लाखाने स्वस्त मिळते आहे. गाडीचे दोन मालक बदललेले आहेत. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आला होता, म्हणून मनात शंका येते. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी? आणि दुरुस्ती झालेली असेल, तर घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण केवळ एमएच १० (सांगली) किंवा एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंग पाहून कोणत्याही गाडीवर संशय घेऊ नये. जिथे लोकांनी पाणी पाहिले आहे तिथे बुडालेली गाडी खपत नाही, म्हणून ती लांबच्या शहरात नेली जाते. आणि तशीच जुलै २०२१ मध्ये चिपळूणला बुडालेली गाडी सांगलीतही येऊ शकते. विम्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाघोषित मूल्याच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर ती पूर्ण नुकसान धरली जाते. मालकाला विम्याची रक्कम मिळते आणि अवशेष लिलावात विकले जातात. नोंदणी रद्द झालेली नसेल, तर तेच अवशेष दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात.

ओळखण्यासाठी वेळ काढून बसावे लागते. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारे लोक आसने आणि गालिचे स्वच्छ करतात, पण रिळात गुंडाळलेला पट्ट्याचा शेवटचा हात-दीडहात सहसा कोणी पाहत नाही. २०१९ च्या पुरानंतर पाहिलेल्या एका गाडीत असा पट्टा ओढला, तेव्हा बाहेरचा भाग काळाभोर आणि स्वच्छ होता, आणि शेवटच्या भागावर आडवी, मातकट, सरळ रेघ होती. तिच्या खालचा पट्टा बोटाला कडक लागत होता आणि नखाने खरवडला की पिठासारखी बारीक माती निघत होती. नव्या गालिच्यापेक्षा ती रेघ मला अधिक खरी वाटली.

मग चालकाचे आसन पूर्ण मागे सरकवून खालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज आहे का ते पाहा. आसनाखाली गंज चढायला गाडीत पाणी यावे लागते. गालिचा कडेने उचलून त्याखालच्या फोमचा वास घ्या आणि तो दाबून पाहा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगचे कनेक्टर पाहा. तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड धरली असेल, तर पाणी तिथपर्यंत चढले होते. हेडलाइटच्या आत मातीची पुसट रेषा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातल्या शिवणींत बसलेला गाळ आणि केबिनमध्ये भरून राहिलेला उग्र सुगंध, यांपैकी एकच गोष्ट दिसली तर तिचे दुसरे कारण असू शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर शंका उरत नाही.

दुरुस्तीनंतर काय हरकत, हा आपला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाण्यात उभ्या गाडीचे इंजिन कोणी सुरू केले असेल, तर सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ते इंजिन उघडून नीट करता येते. खरे दुखणे विजेचे असते. एअरबॅगचे नियंत्रण करणारा संच बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या आसनांच्या मध्ये, अगदी खाली, तळाशी बसवलेला असतो. गाडीत घोट्याएवढे पाणी आले तरी त्याला धोका पोहोचतो. कनेक्टरमधला गंज सावकाश, महिनोन्महिने पसरत जातो. पहिल्या महिन्यात काच अडते, तिसऱ्यात मीटरवरचे दिवे आपोआप लागतात, आणि एखाद्या रात्री गाडी बंद पडते ती कोणत्याच मेकॅनिकला कारण सापडत नाही अशी. सगळे वायरिंग नवे घातल्याची बिले विक्रेता दाखवू शकत नसेल, तर लाखाने स्वस्त असूनही ही गाडी आपण घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जालन्यातील एका विक्रेत्याकडे दिल्ली पासिंगची नऊ वर्षांची मोठी डिझेल गाडी आहे. इथल्या भावापेक्षा ती खूपच स्वस्त आहे. घ्यावी का?

उत्तर : ती स्वस्त असण्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे निर्देश यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आली, आणि त्या वयाच्या आसपासच्या गाड्या इतर राज्यांत जाऊ लागल्या. गाडी म्हणून ती चांगली असू शकते. पण तिची खरी किंमत मोजायची तर दिल्लीच्या नोंदणी अधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला, महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर आणि नव्या क्रमांकासाठीचा खर्च त्यात मिळवा. कराचा आकडा विक्रेत्याच्या तोंडून न घेता आपल्या परिवहन कार्यालयातून घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘असेच चालते’ हे खरे नाही. शिवाय पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आपल्या हाती सहा वर्षे उरतात, आणि ती गाडी विकायची वेळ येईल तेव्हा समोरचा हाच हिशेब आपल्याला सांगेल. ना हरकत दाखला हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

प्रश्न : पिंपरीहून एका वाचकांनी विचारले आहे की बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी घेताना काय पाहावे.

उत्तर : आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद आहे का, हे सर्वांत आधी. नोंद नसेल तर अपघातानंतरचा विम्याचा दावा अडचणीत येतो. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला पाहा आणि दाखल्यावरचा टाकीचा क्रमांक प्रत्यक्ष टाकीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. टाकीच्या वजनाने मागचे सस्पेन्शन बसते, म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी करून मागून खाली झुकली आहे का, ते बघा. ती पेट्रोलवर आणि सीएनजीवर अशी दोन्ही प्रकारे, वेगवेगळी चालवून पाहावी.

प्रश्न : ऑनलाइन गाड्या विकणाऱ्या कंपन्या शेकडो मुद्द्यांचा तपासणी अहवाल देतात. मी ठाण्यात अशी एक गाडी पाहिली. तो अहवाल असताना पुन्हा मेकॅनिक नेण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे. अहवाल उपयोगी असतो, पण तो विकणाऱ्याने केलेला असतो. माझी सूचना अशी की अहवालात ‘किरकोळ’, ‘दुरुस्त’ किंवा ‘रंगकाम’ असे शब्द जिथे आले आहेत त्या जागांची यादी करून आपल्या मेकॅनिकला त्याच जागा आधी दाखवा. वॉरंटी दिली असेल तर तिच्यात काय येत नाही ते वाचा. क्लच, सस्पेन्शन, बॅटरी आणि एसी हे नेहमी खर्चात पाडणारे भाग अनेकदा वगळलेले असतात. आणि विक्रेता मोठा असो की छोटा, त्याच्याकडे परिवहन विभागाचे डीलर म्हणून प्राधिकारपत्र आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला ते घ्यावे लागते, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये पोर्टलवर करावी लागते. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते.

प्रश्न : रत्नागिरीत एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी मला पसंत पडली आहे. ज्यांच्या नावावर ती आहे ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले. मुलगा म्हणतो की वडिलांच्या सहीचे फॉर्म आधीच घेऊन ठेवलेले आहेत, त्यावर काम होऊन जाईल. हे योग्य आहे का? आणि कागदांत आणखी काय पाहावे?

उत्तर : हे योग्य नाही, आणि कुटुंब कितीही चांगले असले तरी आपण त्यात पडू नये. मृत व्यक्तीच्या सहीवर हस्तांतर करणे म्हणजे खोट्या कागदावर गाडी घेणे होय. कायद्याने ठरवलेला मार्ग फार कठीण नाही: आधी वारसाने नमुना ३१ मध्ये अर्ज करून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून, गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी; त्यानंतर नमुना २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घेऊन ती आपल्या नावावर व्हावी. काही आठवडे जातील, पण पुढे एखादी बहीण किंवा भाऊ ‘माझी संमती नव्हती’ म्हणून उभा राहणार नाही.

बाकीच्या कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते पाहा. कर्ज फिटले असे तोंडी सांगतात, पण बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवल्याची नोंद झाल्याशिवाय ते फिटले असे धरू नये. गाडीच्या क्रमांकावर प्रलंबित ई-चलाने किती आहेत ती पाहून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहा. चेसिस क्रमांक केवळ आरसीवर वाचू नका. गाडीवर तो जिथे कोरलेला आहे तिथे कागद ठेवून वर पेन्सिल घासा आणि उमटलेला प्रत्येक अंक आरसीशी जुळवा. अंकांच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर तिथेच थांबा.

हस्तांतराचा अर्ज राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत सूचना द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवा. तृतीय पक्षाचे (अपघातात इतरांच्या नुकसानीचे) संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. आणि आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत त्यांचीच राहते, त्यामुळे तिच्या फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागेल, ती खर्चात धरून ठेवा.

त्या मुलालाही एक गोष्ट आवर्जून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात, गाडी पुढे अनेकांना विकली गेलेली असतानाही, नोंदणीत ज्याचे नाव राहिले होते त्यालाच अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरले होते. म्हणजे नाव लवकर बदलणे त्याच्याही हिताचे आहे. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी दोन प्रतींत ताबा-पावती करा, तिच्यावर मीटरचे रीडिंग आणि तारखेबरोबर वेळही लिहा, कारण सकाळी अकराला झालेले चलान कोणाचे आणि दुपारी चारला झालेले कोणाचे, हे त्या एका ओळीवरून ठरते. दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या सह्या घ्या, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.